कोरा तळहात

पट्ट्याच्या मधोमध एक बांबू रोवलेला होता आणि त्याच्या टोकाला पांढऱ्या फडक्याची चिंधी बांधलेली होती. ती चिंधी पूर्वेकडे फडफडत असेल तरच विशाखाला जाळीच्या बाहेर येऊन पट्ट्याच्या कडेला उभं राहायची मुभा होती. म्हणजे वारा तिच्याकडून नवऱ्याकडे वाहत असेल तरच.

पट्टा तीस मीटर रुंद होता. त्यात गवताची काडीही उगवू द्यायची नाही असा नियम होता. पश्चिमेला जाळीत झाकलेली खडकदऱ्याची नवी अंजीरबाग. पूर्वेला दिगंबरचं रान: विहीर, विहिरीवर वाकलेलं उंबर आणि त्याच्या वडिलांनी लावलेली, आता बुंध्याशी गाठाळलेली जुनी अंजिरं.

"जेवलीस का?" पलीकडून दिगंबरने हाक दिली.

"खिचडी."

"परत?"

"परत."

तीस मीटरवरून नवरा-बायकोला जे बोलता येतं ते सगळं जाहीर असतं. जाळीच्या दाराशी बसलेल्या तोडणीच्या बायका हसायला लागल्या. त्यांची मुकादम सिंधूमावशी म्हणाली, "विचार की रं अजून काय विचारायचं ते. आम्ही कान झाकतो."

"तुमचे कान झाकले तर गावाला बातम्या कोण देणार, मावशी?" दिगंबर म्हणाला, आणि परत विशाखाकडे वळला. "उद्या पहिला तोडा ना?"

"उद्या."

"हा नीट गेला म्हणजे..."

"हो."

पुढचं दोघांनाही बोलायची गरज नव्हती. सलग तीन हंगामांचा माल निर्दोष गेला की खडकदऱ्याला कायमचं प्रमाणपत्र मिळणार होतं. मग तपासणीचं यंत्र बंदराजवळच्या मोठ्या केंद्रात जाणार आणि विशाखा घरी. दोन हंगाम गेले होते. हा तिसरा.

"अहो," ती म्हणाली, "वास येतोय का काही? माझ्याकडून?"

दिगंबरने मान वर केली, डोळे मिटले आणि प्रामाणिकपणे श्वास घेतला.

"नाही गं," तो म्हणाला. "रिकामा वारा येतोय नुसता."

त्याचं बरोबर होतं. रिकामं असणं हीच तिची नोकरी होती.

*

राईच्या दाण्याहून लहान अशी एक गांधीलमाशी असते. ती अंजीरमाशीच्या अळीच्या अंगात आपलं अंडं घालते आणि त्यासाठी बंद फळातली अळी तिला बाहेरून शोधावी लागते. हे काम ती डोळ्यांनी करत नाही. अळीने आतून फळ कुरतडलं की फळ आणि झाड एक ठरावीक वास सोडतात. जखमेचा वास म्हणू. माणसाच्या नाकाला तो कधीच कळत नाही. त्या माशीच्या मिशांवर मात्र अशी प्रथिनं असतात की त्या वासाचे मोजके रेणू चिकटले तरी तिला पुरतं.

शास्त्रज्ञांनी ती प्रथिनं प्रयोगशाळेत वाढवली आणि चिपवर बसवली. रेणू चिकटला की विजेचा प्रवाह किंचित बदलतो आणि पडद्यावर आकडा उमटतो. यंत्राचं अधिकृत नाव लांबलचक होतं. खडकदऱ्यात त्याला नाक म्हणत. शेतकरी कंपनीचे चेअरमन भानुदास तात्या कामथे यांना आकडे वाचायचा कंटाळा, म्हणून त्यांनी हौसेने त्याला सायकलची घंटी जोडून घेतली होती. आकडा शून्याच्या वर गेला की घंटी वाजे.

त्याआधी तपासनीस पेटीतली चारदोन फळं कापून भिंगातून पाहत. 'कीड नाही' याचा अर्थ तेव्हा 'आम्हाला दिसली नाही' असा होता आणि साऱ्या जगाचा फळांचा व्यापार त्या अर्थावर सुरळीत चालला होता. नाक आल्यावर घेणाऱ्या देशांनी नियम बदलला नाही. आधीही शून्य होतं, नंतरही शून्यच राहिलं. फक्त शून्य मोजणारं बदललं.

आणि मग एक अडचण पुढे आली. एका झाडाला कीड लागली की त्याचा जखमेचा वास शेजारच्या झाडापर्यंत पोचतो. शेजारचं झाड, स्वतःला काहीही झालेलं नसताना, सावध होतं. पानांत कडवट रस साठवू लागतं आणि तसाच वास स्वतःही सोडू लागतं. वनस्पतीशास्त्राला हे जुनंच ठाऊक होतं. व्यापाराला आता कळलं. कारण जखमी झाड कोणतं आणि नुसतं ऐकलेलं झाड कोणतं, हा फरक नाकाला करता येत नव्हता. निरोगी फळांच्या पेट्या घंटी वाजवून परत येऊ लागल्या.

यावर उपाय निघाला तो शांत क्षेत्राचा. काचेच्या नळीत वाढवलेली, कधी कुणाचं काही न ऐकलेली रोपं बारीक जाळीत लावायची आणि त्यांच्यापर्यंत गाळलेली हवाच जाऊ द्यायची. तोडणीच्या बायकांनी आंघोळ करून, डोक्यापासून पायापर्यंत झाकणारे पोशाख घालून आत जायचं. चाळीस घरांनी आपापल्या जमिनी एकत्र करून हे उभं केलं होतं. दिगंबरची जमीन पट्ट्यापलीकडे होती. त्याने जुनी झाडं काढायला नकार दिला आणि नियमही तेव्हा तेवढा कडक नव्हता. पट्टा राखला म्हणजे झालं.

नाकाच्या खोलीत मात्र ते पोशाख चालत नव्हते, कारण पोशाखांच्या प्लास्टिकलाच वास होता. तिथे उकळलेल्या सुती कपड्यांत, उघड्या हातांनी काम करायचं. म्हणून नाक चालवणारं माणूसच कोरं असावं लागे. तीन हंगामांची मोजणी सुरू होण्याआधीपासून ती पुरी होईपर्यंत आतच राहायचं, बिनवासाचा साबण, कांदा-लसूण-हिंग वर्ज्य, आणि जुन्या बागेत फिरलेल्या कुणालाही शिवायचं नाही. रोज सकाळी पहिली पेटी तपासण्याआधी विशाखा आपला उजवा तळहात नाकाखाली धरायची. पडद्यावर शून्य यायचं. तो दिवसाचा कोरा नमुना. त्या शून्याशी ताडून पुढची सगळी मापं घ्यायची.

राहुरीला कीटकशास्त्र शिकलेली गावात ती एकटीच होती. नंतर तिने दोन मुली तयार केल्या. एकीचं लग्न झालं. दुसरी म्हणाली, मॅडम, मला यंत्र जमतं, ती खिचडी जमत नाही.

*

पहिल्या तोड्याची पहिली पेटी नाकाखाली गेली आणि घंटी वाजली.

विशाखाने पेटी बाजूला ठेवली. हात धुतले, तळहात पुन्हा धरला. शून्य. पेटी पुन्हा ठेवली. घंटी. दुसरी पेटी आणली, तीही वाजली. पाचवी वाजली नाही.

पॅकहाउसमधलं बोलणं थांबलं होतं. तात्या काचेपलीकडे येऊन उभे राहिले. तिने वाजलेल्या पेटीतली सगळी अंजिरं एकेक करून कापली. आत गुलाबी, दाणेदार, स्वच्छ गर. अळी नाही, अंडं नाही, फळाच्या डोळ्याशी साधा डागही नाही.

"काय निघालं?" तात्यांनी काचेवरच्या फोनवरून विचारलं.

"काही नाही."

"मग वाजतंय कशाला? उंबर फोडून केंबरं काढायची सवयच लागलीय या नाकाला! आणि इथं तर केंबरंही निघंनात."

"फळात काही नाही, तात्या. झाडांनी काहीतरी ऐकलंय."

तिने पहिल्या ओळीतल्या प्रत्येक झाडाचं एक फळ मागवलं आणि क्रमाने नाकाखाली धरलं. पहिल्या झाडाचा आकडा सर्वांत मोठा. पुढे पुढे तो उतरत गेला आणि ओळ संपायच्या आत विरला. वास जाळीच्या कडेने आत आला असता तर कडेची सगळी झाडं बोलली असती. इथे बोलण्याची सुरुवात एका जागेपासून झाली होती.

ती पोशाख चढवून बागेत गेली. पहिल्या झाडाच्या आडव्या फांदीला तोडणीचा एक रिकामा क्रेट टांगलेला होता. क्रेटमध्ये एक पान होतं. अंजिराचं नव्हे. निमुळतं, गुळगुळीत, रात्रभरात थोडं आक्रसलेलं. त्याच्या पाठीवर किडींनी केलेले चारपाच फोड होते, उंबराच्या पानांवर असतात तसे.

ते पान काय आहे हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ती अंजीरवाल्यांच्या घरात नांदलेली होती. पहिल्या तोड्याच्या आदल्या दिवशी रिकाम्या पाटीत उंबराचं पान ठेवायचं आणि ती पाटी बागेतल्या पहिल्या झाडाला टांगायची. आधी दत्ताचा वाटा, मग बाजाराचा. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी सासूने तिच्याच हातांनी पाटी टांगून घेतली होती, आणि दिगंबर शिडी धरून उभा राहून तिला हसत होता, कारण तिला गाठ मारता येत नव्हती.

मागे सिंधूमावशी येऊन उभी होती. पोशाखाच्या काचेतून तिचे डोळे तेवढे दिसत होते.

"मावशी."

"तीनदा धुतलं गं बाई. गरम पाण्यानं. साबण लावून."

"आत कसं आणलंत?"

"अंबाड्यात. टोपीखाली." मावशी जरा थांबली. "दोन वर्षं नाय टांगलं. मनाला लागून राहिलं होतं. म्हटलं, दोन वर्षं देवाचं चुकवलं, निदान यंदा तरी... यंदा तुझा प्रश्न हाय ना. दोन वर्षं ती चिंधी बघत उभी राहतीस रोज. आम्हाला काय डोळे नाहीत?"

"कुठलं पान आहे?"

मावशीने पूर्वेकडे पाहिलं. "तुमच्याच विहिरीवरचं. दिगंबरनं सोता वर चढून काढून दिलं. म्हटला, चांगलं शेंड्याचं घ्या मावशी, ती घरी यायचीय."

विशाखाने पान पिशवीत घालून पिशवीचं तोंड बंद केलं. उंबर आणि अंजीर एकाच कुळातली. परक्या झाडाचं कण्हणं कदाचित या रोपांना कळलंही नसतं, भाऊबंदांचं कळलं. त्यांच्या आयुष्यातला तो पहिला शब्द असावा.

*

"हे बघ," तात्या म्हणाले. ते काचेपलीकडे खुर्ची ओढून बसले होते. "दोन रस्ते आहेत. मी प्रमाणपत्रवाल्यांच्या माणसाशी आडून आडून बोललोय. वासाचं मूळ दोन किलोमीटरच्या आतलं झाड असेल, तर ते झाड आणि त्याच्या जातीची आसपासची सगळी काढायची, आपण फोटो पाठवायचे, आणि हंगामाची मोजणी चालू राहते. पहिली ओळ तेवढी बाद."

"आणि दुसरा?"

"मूळ माणूस असेल, म्हणजे आपल्याच माणसानं आत आणलं असेल, तर शिस्त मोडली. मग पहिल्यापासून मोजणी. नवे तीन हंगाम." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "आता मूळ तर झाडच आहे की नाही? खोटं कुठं बोलायचंय तुला? उंबर आहे, दोन किलोमीटरच्या आत आहे, त्याचाच वास आहे."

"पण झाड चालत आलं नाही, तात्या."

"पोरी, चाळीस घरं आहेत."

"माहीत आहे."

"आणि तुला घरी जायचं नाही का?"

खोलीत दुपारची शांतता होती. नाकाचा पंखा तेवढा बारीक आवाज करत होता. तात्या उठले. "संध्याकाळी कळवायचंय," म्हणाले. "झाड दिगंबरचं आहे. त्याला विचार. मी काय सांगू?"

संध्याकाळी चिंधी पूर्वेकडे वळेपर्यंत ती जाळीच्या दारात उभी राहिली. पलीकडे दिगंबर आधीच आलेला होता. त्याच्या खांद्यावर कुऱ्हाड होती. बातमी मावशीच्या आधी पोचली असावी.

"मीच दिलं गं ते पान," तो ओरडला.

"कळलं."

"आजच पाडतो. विहीर झाकून घेतो आणि पाडतो. जुनी अंजिरंही काढतो हवी तर. तू लिही काय लिहायचं ते."

दाराशी बसलेल्या बायकांपैकी कुणी हसलं नाही.

तिने उंबराकडे पाहिलं. फांद्यांना लगडलेली कच्ची उंबरं, त्यांच्यात न दिसणाऱ्या लक्षावधी केंबरांची घरं, आणि ती खायला आलेले हिरवे पोपट. ते झाड तोडलं तर मूळ कारण म्हणून तिच्या नावाने एक गोष्ट नोंदली जाईल: उंबर हे धोक्याचं झाड. मग गराड्यापासून जेजुरीपर्यंत जिथे जिथे शांत क्षेत्र होईल तिथे तिथे, प्रत्येक विहिरीवरचं आणि प्रत्येक दत्ताच्या पारावरचं उंबर मोजलं जाईल. आणि इतकं करूनही पुढच्या वेळी कुणीतरी मावशी तीन किलोमीटरवरून पान आणेल, अंबाड्यात घालून. कारण झाडाला कुणाची काळजी नसते. काळजी माणसाला असते, आणि ती धुऊन जात नाही.

"अहो," ती ओरडली. "पाडू नका."

"काय?"

"पाडू नका म्हणते. झाड चालत आलं नव्हतं."

वारा तिचे शब्द त्याच्यापर्यंत नेत होता. त्याचं बोलणं मात्र वाऱ्याच्या उलट यायचं आणि अर्धं वाटेतच राहायचं. तो काहीतरी म्हणाला. तिला फक्त "तीन वर्षं" एवढं ऐकू आलं.

"हो," ती म्हणाली. "तीन."

त्याने कुऱ्हाड खाली टेकवली. "मी झाड सोडायला तयार आहे," तो सगळा जोर लावून ओरडला, "आणि तू मला सोडून झाड धरतेस?"

याचं उत्तर तीस मीटरवरून देण्यासारखं नव्हतं. ती उभी राहिली. तो वळला आणि विहिरीच्या बाजूने दिसेनासा झाला.

तिने कळवलं: बागेत कीड नाही. पान माणसाने आणले. झाडांनी ऐकले.

*

उत्तर यायला फारसा वेळ लागला नाही. कळवल्याबद्दल आभार मानलेले होते. हंगामाचा माल निर्यातीस अपात्र. मोजणी पुढच्या छाटणीपासून नव्याने.

तात्या तिच्याशी बोलले नाहीत. मग बोलले. "लोक म्हणणार, नवऱ्याचं झाड वाचवलंस."

"म्हणू देत. पुढचे तिन्ही हंगाम मी येईन, तात्या. दुसरं माणूस शोधू नका."

"आम्हाला मिळतंय कुठं दुसरं?" ते चिडून म्हणाले, आणि त्यांना आपलंच हसू आलं. "जा आता. माल पुण्याच्या मार्केटला जाईल. पाट्या बाहेर काढायला लावतो, पानं घालून. निदान अंजीर अंजिरासारखं दिसेल."

यंत्रांचे पंखे बंद झाले. जाळीची दारं उघडून ठेवली गेली, कारण आता आत काही जपायचं उरलं नव्हतं. हे विशाखाच्या हळूहळू लक्षात आलं. मोजणी तुटली होती. छाटणी होईपर्यंत या झाडांनी काहीही ऐकलं तरी चालणार होतं. आणि तिच्या तळहाताने काहीही धरलं तरी.

तिने पिशवी भरली. पट्ट्याच्या कडेला सवयीने थांबली आणि चिंधीकडे पाहिलं. चिंधी पश्चिमेकडे, तिच्याकडे फडफडत होती. ती चालू लागली. अर्ध्या वाटेवर वास आला: ओलं शेण, विहिरीचं शेवाळ, पिकून फुटलेल्या उंबरांचा आंबूस गोडवा आणि अंजिराच्या पानांचा तो हिरवा, जरासा खोबऱ्यासारखा वास. तिला थांबावं लागलं. दोन हंगामांत तिने हे सगळं आठवायचा प्रयत्न केला होता, आणि खोबरं विसरली होती.

दिगंबर जुन्या झाडाखाली पाटी लावत होता. तळाला पान, त्यावर फळांचा थर, पुन्हा पान. त्याने वर पाहिलं नाही.

"खालचा थर दाबताय," ती म्हणाली.

"येतं मला."

ती समोर बसली आणि पानं पुसून त्याच्या हातात देऊ लागली. बराच वेळ दोघं पाटीच लावत राहिले.

"झाडासाठी थांबलीस," तो म्हणाला. "माझ्यासाठी नाही."

"झाड तोडून मी आले असते, तर तुम्ही रोज विहिरीवर त्या रिकाम्या जागेकडं बघत माझ्याशी बोलला असतात."

त्याने यावर विचार केला. तो सावकाश विचार करणारा माणूस होता. लग्नाला हो म्हणायलाही त्याने घरच्यांचा अंत पाहिला होता. मग त्याने एक अंजीर उचललं, देठाशी मोडलं आणि अर्धं तिच्यापुढे धरलं. देठाचा पांढरा चीक तिच्या बोटांवर ओघळला.

"खाज सुटंल," तो म्हणाला. "सवय गेलीय तुझी."

"सुटू दे."

*

त्या उन्हाळ्यात ती घरी होती. तिच्या बोटांच्या बेचक्यांत चीक काळा पडला आणि निघेना. भांडणं झाली, विहिरीच्या मोटारीवरून, तिच्या भावाच्या येण्यावरून, आणि लसणीवरून, कारण ती प्रत्येक भाजीत लसूण घालायला लागली होती. रात्री दार उघडं टाकून झोपायची तिची नवी सवय त्याला आवडत नसे. ती म्हणे, वारा कुठूनही येऊ दे आता.

एकदा त्याने विचारलं, "त्या यंत्राला माझा वास कसा दिसत असंल?"

"आकडा दिसतो."

"किती?"

"तेवढं मोजत नाही ते. शून्य आहे की नाही, एवढंच विचारतात."

मग जाळीतल्या नव्या बागेची छाटणी झाली, पंखे पुन्हा सुरू झाले आणि तिने पिशवी भरली. जाताना त्याने तिला पट्ट्यापर्यंत सोडलं. पलीकडे गेल्यावर तिने मागे वळून चिंधी पाहिली, नियमाप्रमाणे.

आत गेल्यावर उकळलेले कपडे, बिनवासाचा साबण, खिचडी. पहिल्या सकाळी तिने तळहात नाकाखाली धरला आणि घंटी खणखणून वाजली. सिंधूमावशी काचेपलीकडे पोट धरून हसली. "अजून हाय गं अंगाला! जा, धुऊन ये!"

दुसऱ्या दिवशीही वाजली. पुढच्या दिवशी जरा दबून. तात्या घाईला आले होते. यंत्राची मापं बसवायची होती, कोऱ्या नमुन्याशिवाय काम सुरू होत नव्हतं. "हात घासणीनं घास की," ते म्हणाले. ती हो म्हणायची आणि साध्या पाण्याने धुवायची. नियमात घासणीचा उल्लेख नव्हता. सकाळी खोलीत शिरताना तिला आधी घंटीची भीती वाटायची. आता ती घंटी वाजण्याची वाट पाहत आत जाऊ लागली. वाजली की पडद्यावरचा आकडा नीट पाहून घ्यायची. तो दर दिवशी थोडा लहान होत होता. त्याचा उतार सरळ रेषेत नव्हता. सुरुवातीला झपाट्याने, मग हळू, आणि शेवटी अगदी हळू. असे उतार तिने शिकताना कागदावर कितीतरी काढले होते. ते शून्याला टेकत नाहीत, असं गणित सांगतं. पण यंत्राला कुठेतरी टेकलं असं म्हणावंच लागतं.

एका सकाळी घंटी वाजली नाही.

तिने हात तसाच धरून ठेवला. पडद्यावर शून्य होतं. काचेपलीकडे तात्यांनी टाळी वाजवली, "सुटलो!" म्हणाले आणि मापं बसवायच्या तयारीला गेले. मावशी मात्र हसली नाही. ती काचेजवळ आली, विशाखाच्या हाताकडे पाहिलं आणि आपल्या कामाला गेली.

संध्याकाळी चिंधी पूर्वेकडे वळली. दिगंबर विहिरीकडून आला आणि पट्ट्याच्या पलीकडच्या कडेला उभा राहिला.

"जेवलीस?"

"खिचडी."

"आज घंटी ऐकू आली नाही सकाळी," तो म्हणाला. "मी इथं येऊन थांबलो होतो."

तिने बांबूवरच्या चिंधीकडे पाहिलं.

"काय म्हणतं तुझं नाक?"

"शून्य."

दिगंबरने मान वर केली आणि डोळे मिटले. वारा तिच्या ओल्या केसांवरून, उकळलेल्या कपड्यांवरून, उघड्या मातीच्या पट्ट्यावरून त्याच्याकडे जात होता. त्याने श्वास घेतला. थांबला. पुन्हा घेतला.

"मोडलंय ते," तो ओरडून म्हणाला. "तात्यांना सांग, दुरुस्त करून घ्या. मला येतोय."

"कसला?"

"तुझा. दुसरा कसला?"

ती हसली आणि तळहात तोंडाजवळ नेऊन पाहिला. तिला स्वतःला काहीच आलं नाही. सूर्य डोंगराला टेकत होता आणि वारा मंदावत चालला होता. बांबूवरची चिंधी एकदा फडफडली आणि सरळ खाली लोंबली. आता ती फिरेल, नियमाप्रमाणे मागे वळायला हवं. पण फिरायच्या आधी, वारा कुणाचाच नसतो तेव्हा, एक श्वास मावेल एवढा वेळ होता. पलीकडच्या उंबराकडे तोंड करून तिने तो घेतला.